त्याच खिडकीवर परत जावं लागते साहेब : लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला नागपूरच्या एका बाईचं खुलं पत्र

प्रति,
लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे नागपुरातले सगळे अधिकारी साहेब आणि मॅडम, आणि जिल्हा प्रशासनातले जे कोणी दरवर्षी दक्षता जनजागृती सप्ताह करतात ते सगळे,

सादर नमस्कार.

मी मानेवाडा रोडच्या मागच्या एका वस्तीत राहते. आमच्या महिला बचत गटाचा हिशेब माझ्याकडे आहे आणि चार पुस्तकं शिकलेली असल्यामुळे आजूबाजूच्या बाया फॉर्म भरायला, अर्ज लिहायला, मोबाईलवरचा ओटीपी वाचून घ्यायला माझ्याकडेच येतात. त्यामुळे या पत्रातलं बोलणं पुष्कळ जणींचं आहे पण सही माझ्या एकटीची आहे, कारण बाकीच्या म्हणाल्या ताई तू लिही, आमचं नाव नको टाकू. त्यांना नाव काहून टाकायचं नाही हेच मला तुम्हाला सांगायचं आहे, आणि ते समजल्याशिवाय तुमच्या सप्ताहाचा आमच्या वस्तीला काही उपयोग होणार नाही असं मला मनापासून वाटते.

31 ऑक्टोबरला सरदार पटेलांची जयंती असते, त्या आठवड्यात तुम्ही सप्ताह करता. ऑफिसात शपथ होते, कॉलेजात निबंध स्पर्धा होते, चौकात बॅनर लागते आणि बॅनरवर 1064 हा टोल फ्री नंबर असते. चांगलं काम आहे, नंबर लोकांपर्यंत जायलाच पाहिजे. पण त्या बॅनरवरचं चित्र कधी आमच्या नजरेनं पाहा. टेबलाखालून नोटांचं बंडल देणारा एक माणूस आणि घेणारा एक माणूस, दोघंही शर्ट-पँटमधले. आमच्याकडची बाई ते पाहते आणि पुढे जाते, तिला वाटते हे प्लॉटवाल्यांचं, ठेकेदारांचं काम आहे, आपलं नाही. तिला सरळ विचारलं की भ्रष्टाचाराबद्दल काय वाटते तर ती टीव्हीवरचंच सांगेल, "मोठे लोकं खातेत बाई, मले काय समजते त्यातलं." पण त्याच बाईला असं विचारा की मावशी, मागच्या वर्षभरात कुठं कुठं पैसे द्यावे लागले ज्याची पावती नाही मिळाली. ती बोटं मोजायला लागते आणि एका हाताची बोटं पुरत नाहीत.

बाळंतपणापासून सांगते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, सिझर फुकट, औषध, रक्त, जेवण, यायची-जायची गाडी, सगळं फुकट, कागदावर बाईचा एक रुपया लागत नाही. आता वॉर्डात काय होते ते सांगते, दवाखान्याचं नाव घेत नाही कारण हे एका दवाखान्याचं नाही. लेबर रूमचं दार उघडते, आतली मावशी बाळाला कपड्यात गुंडाळून बाहेर आणते, आजी हात पुढे करते आणि मावशी तिथंच थांबते. तोंडानं काही मागत नाही, फक्त बाळ द्यायचं थांबते. आजीला समजते, मग ती भिंतीकडे तोंड करून ब्लाउजमधलं छोटं पाकीट काढते, नोटांची घडी उलगडते, त्यातली एक बाजूला करते आणि बाकीची परत आत ठेवते. मुलगा असला तर हजार, मुलगी असली तर पाचशे, कधी तीनशे. माझ्या नणंदेला दुसरी मुलगी झाली तेव्हा मी तिथंच उभी होती. मावशी म्हणाली, "पोरगी आहे म्हणून जास्त नाही मागत." पोरगी जन्मून दहा मिनिटं झाली नव्हती तर तिची किंमत अर्धी लावून झाली होती, लावणारी बाई, देणारीही बाई, आणि आत टाके घालून पडलेली तिसरी बाई जिला यातलं काही माहीतही नव्हतं. हे आठवलं की मला आजही संताप येते.

आणि ते तिथंच संपत नाही ना, खाटेवर न्यायला वेगळे, चादर बदलायला वेगळे, रात्री नातेवाईक थांबू द्यायचे वेगळे. शंभर-पन्नासच्या वर काही नाही, पण सुट्टी होईपर्यंत घरच्या माणसाच्या खिशातला गाडीभाड्याचा पैसाही संपलेला असते.

त्या मावशीबद्दलही लिहायलाच पाहिजे. तशाच कामावरची एक बाई आमच्या गटात आहे. कंत्राटावर आहे. ती सांगते पगार बँकेत पूर्ण जमा होते पण त्यातले काही काढून दर महिन्याला ठेकेदाराच्या माणसाच्या हातात परत द्यावे लागतात, नाही दिले तर पुढच्या महिन्यात ड्युटी लागत नाही. म्हणजे वरचा तिच्याकडून घेते आणि ती खाटेवरच्या बाईकडून घेते. तुम्ही सापळा लावला तर पाचशे घेताना ती मावशी सापडेल, पेपरात तिचा फोटो येईल, आणि ठेकेदाराचा माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाईला कामावर घेईल. मी तिची बाजू घेत नाही, बाळ अडवून पैसे घेणं हे पापच आहे, पण तपास तिच्यापाशी थांबू नये एवढं म्हणते.

रेशनचं घ्या. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 चा आहे आणि त्यात स्पष्ट लिहून आहे की घरातली 18 वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई ही कार्डासाठी कुटुंबप्रमुख. म्हणजे कार्ड बाईच्या नावाचं, रांगेत बाई, मशीनवर अंगठा बहुतेक वेळा तिचाच. प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो, अंत्योदयवर कार्डामागे 35 किलो, आणि 2023 पासून हे धान्य फुकट आहे. मशीनमधून पावती निघते 20 किलोची, घरी येऊन तराजूवर टाकलं तर 18 भरते, आणि पुष्कळदा पावती हातात येतच नाही, रोल संपला म्हणतात. बाईनं विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे, "फुकटच तर भेटून राहिलं, आता त्यातही मोजतेस का?" चारचौघात असं बोललं की बाईची मान खाली जाते, जसं काही तीच भीक मागायला आली. त्याच कायद्यात दुकानाच्या पातळीवर दक्षता समिती करायला सांगितली आहे आणि तिच्यात बायांना जागा द्यायला सांगितली आहे. आमच्या दुकानाच्या समितीवर कोण आहे हे आमच्या गटातल्या एकाही बाईला माहीत नाही.

आता निराधारचं, आणि हे जरा नीट वाचा कारण इथं नियमच बाईला अडकवते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा बाईला महिन्याला 1500 रुपये मिळतात, पण अट अशी की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत पाहिजे. 21 हजार वर्षाचे म्हणजे महिन्याला 1750. तुम्हीच सांगा, या नागपुरात महिन्याला 1750 मध्ये कोण जगून राहिलं आहे, दोन घरची धुणीभांडी करणारी बाईही त्याहून जास्त आणते, नाही आणलं तर तिचे लेकरं उपाशी मरतील. म्हणजे तिनं खरं उत्पन्न सांगितलं तर अर्ज बाद. कमी उत्पन्नाचा दाखला पाहिजे असेल तर कोणाच्या तरी मेहरबानीनं काढावा लागते, आणि मेहरबानी म्हटली की एजंट आलाच. आमच्या इथं एजंट तीन हजार घेते, म्हणजे पहिल्या दोन महिन्यांचं अनुदान बाईच्या खात्यात येण्याआधीच गेलं. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण त्याहून वाईट हे की ती बाई पहिल्याच दिवशी कागदावर खोटी ठरली. आता ती तुमच्याकडे तक्रार घेऊन येईल का? तिला हीच धाकधूक असते की मी बोलली तर हे माझंच उत्पन्न तपासतील, माझेच 1500 बंद होतील. मग दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला ती त्याच टेबलावर जाते, आणि त्या टेबलावरच्या माणसालाही माहीत असते की ही बोलणार नाही.

इथंच माझं मुख्य म्हणणं आहे साहेब. पुरुषाचं सरकारी काम बहुतेक एकदाचं असते, प्लॉटचा फेरफार, नकाशा मंजुरी, ठेक्याचं बिल. वर्षा-दोन वर्षात एकदा. रक्कम मोठी असते, राग येते, तो तुमच्याकडे येते, सापळा लागते, काम झालं की त्या ऑफिसात त्याला परत पाय ठेवायचा नाही. बाईचं काम दर महिन्याचं असते. रेशन दर महिन्याला, निराधार दर महिन्याला, अंगणवाडीतून टीएचआरची म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराची पाकिटं, बाळाची लस, म्हाताऱ्या सासूच्या बीपीच्या गोळ्या, पोराच्या शाळेचा दाखला. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच खिडकीवर तिला पुढच्या महिन्यात परत उभं राहायचं असते, पिशवी घेऊन, हात जोडून. शंभर रुपयांसाठी ती खिडकी कोण बंद करून घेईल? ती घाबरट नाही, ती हिशेबी आहे. तिनं हिशेब केला आहे की शंभर रुपये देणं स्वस्त पडते, आणि तुमची आजची व्यवस्था पाहता तिचा हिशेब बरोबर आहे.

त्यात दिवस मोडला की मजुरी जाते हे वेगळंच. ऑफिसात "साहेब मिटिंगला गेले, उद्या या" म्हटलं की पुरुषाचा वैताग होते, पण धुण्याभांड्याच्या बाईचं त्या दिवशीचं काम गेलं, मालकीणबाईची बोलणी बसली आणि शाळेतून आलेलं पोरगं कुलूप लावलेल्या दारात बसून राहिलं. या सगळ्याला कंटाळून ती स्वतःच विचारते, दादा किती द्यायचे ते सांगा ना. तुमच्या नजरेत ती लाच देणारी झाली.

देणाऱ्याचं निघालंच आहे तर कायद्याबद्दल बोलते. 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणाराही गुन्हेगार आहे, पण जबरदस्तीनं द्यावी लागली असेल आणि 7 दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर देणाऱ्यावर गुन्हा नाही. आमच्या वस्तीत यातलं अर्धंच पोचलं आहे. "देणारा बी जेलात जाते म्हणते" एवढंच सगळ्यांना माहीत आहे, 7 दिवसांची सूट कोणालाच माहीत नाही. आणि माहीत असती तरी विचार करा, सिझर झालेली बाई 7 दिवसांत कुठं जाणार आहे, टाकेसुद्धा सुकलेले नसतात. ज्या बाईला सगळ्यात जास्त लुटलं जाते तिचे ते 7 दिवस खाटेवरच संपतात. त्यामुळे बाईला तुमच्याकडे यायला सांगू नका, तुम्ही वॉर्डात या, आमचं एवढंच मागणं आहे.

सापळ्याचंही तसंच. पंचासमोर पावडर लावलेल्या नोटा द्यायच्या, इशारा करायचा, मग तुमची माणसं येतात. त्या नोटा सहसा तक्रारदारालाच आणाव्या लागतात, नंतर सरकारकडून परत मिळतात हे मला माहीत आहे. पण तीनशे रुपयांच्या लाचेसाठी सापळा लागते का, आणि ती बाई पुढे कोर्टात साक्षीला वर्षानुवर्षे जाईल का? तिला नवरा जाऊ देईल का, सासू काय म्हणेल? घरातून पहिला प्रश्न हाच येते की तुला काय गरज होती पुढारीपणा करायची.

जुलै 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली, दीड हजार महिन्याचे, तेव्हा दाखल्यांसाठी सेतूसमोर लागलेल्या रांगा तुम्ही पाहिल्याच असतील. अमरावती जिल्ह्यात एका तलाठ्यानं पैसे घेतल्याचा व्हिडिओ फिरला आणि त्याला लगेच निलंबित केलं. बायांना फार बरं वाटलं होतं तेव्हा. पण ते झालं कारण सगळ्या राज्याचं लक्ष त्या योजनेवर होतं. निराधारच्या म्हातारीचा व्हिडिओ कोण काढते? तसंच 23 सप्टेंबर 2023 च्या पुराचं. अंबाझरी तलावाचं पाणी सुटलं, नाग नदी लोकांच्या घरात शिरली, सरकारनं घरटी दहा हजारांची मदत जाहीर केली. पंचनामा करणारा माणूस दुपारी येते, दुपारी घरी बाई एकटी, फ्रीज-कूलर-गाद्या सगळं चिखलात, आणि तो यादीवर पेन ठेवून म्हणते की नुकसान काही फार दिसत नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईनं तेव्हा पाचशे काढून दिले, नवऱ्याला आजपर्यंत सांगितलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना मला जड जाते, पण लिहायलाच पाहिजे, कारण बायांच्या तोंडून हे सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू आवाजात निघते. प्रत्येक वेळी पैसेच मागतात असं नाही. अर्जावर मोबाईल नंबर लिहावा लागते. एका तरुण विधवेला तिच्या अर्जावरच्या नंबरवर रात्री साडेदहाला व्हॉट्सअॅप आलं, "तुमची फाईल माझ्याकडे आहे", मग "जेवण झालं का", मग दोन दिवसांनी "एकट्याच राहता का". तिनं उत्तर दिलं नाही तर फाईलमध्ये त्रुटी निघाली. मग तिनं "हो साहेब, झालं जेवण" असं उत्तर दिलं तर त्रुटी दूर झाली. पुढचं ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. तिनं अर्जच सोडून दिला, आता ती एका खानावळीत पोळ्या लाटते.

हीसुद्धा लाचच आहे ना साहेब? 2018 च्या दुरुस्तीत "अनुचित लाभ" असा शब्द आहे आणि तो फक्त पैशापुरता नाही, मी स्वतः वाचलं आहे. आणि दुसरं, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा 2013 चा कायदा आहे, त्यात तक्रार करणारी बाई त्या ऑफिसात नोकरीलाच असली पाहिजे असं नाही, कामासाठी आलेली बाईसुद्धा तिथल्या अंतर्गत समितीकडे तक्रार करू शकते. हे किती जणींना माहीत आहे? सरकारी ऑफिसात त्या समितीचा बोर्ड असते, पण पुष्कळदा जिन्याच्या वरच्या मजल्यावर, जिथं अर्जदार बाया जातच नाहीत. तुमच्या बॅनरवर हे एकदा तरी लिहा. तुमचा सापळा नोटांवरच्या पावडरीवर चालते, या मागणीत नोटच नसते, मग बाईनं पुरावा काय ठेवायचा, स्क्रीनशॉट काढायचा का, कॉल रेकॉर्ड करायचा का, कोणाला दाखवायचा, हे साध्या मराठीत सांगणारं कोणीतरी पाहिजे, आणि ती सांगणारी बाई असली पाहिजे. नव्या पोलिसवाल्या दादासमोर कोणती बाई हे बोलणार आहे?

मोठ्या रकमांबद्दलही बोलते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की बाया फक्त शंभर-दोनशेचंच रडतात. शिक्षिकेच्या नोकरीसाठी खासगी संस्थांमध्ये काय भाव चालते हे नागपूरच्या लेकरालाही माहीत आहे. आमच्या पिढीच्या पोरींना घरच्यांनी डीएड-बीएड करायला लावलं, घरापासून जवळची नोकरी, बाईला सोयीची. माझ्या एका मैत्रिणीच्या आईनं त्यासाठी आपल्या पाटल्या मोडल्या आणि भावानं शेताचा तुकडा विकला. मग ती विनाअनुदानित तुकडीवर वर्षानुवर्षे फुकट शिकवत राहिली, आज मान्यता येईल, उद्या मान्यता येईल. आणि 2025 मध्ये शालार्थ आयडीचा, म्हणजे शिक्षकांचा पगार ज्या सरकारी नंबरवर निघते त्याचा, घोटाळा बाहेर आला, नागपूर विभागातच, बोगस आयडी काढून पगार उचलल्याचा, शिक्षण खात्यातले मोठे अधिकारी अटक झाले. ती बातमी वाचून ती मैत्रीण मला फोनवर काही बोललीच नाही, नुसती रडली. प्रत्येक लाचेच्या बातमीत देणाऱ्या पुरुषाचं नाव येते, पण आमच्या घरांत मोठी रक्कम उभी करायची म्हटलं की पहिले बाईच्या अंगावरचं सोनं उतरते. ते कोणत्याच एफआयआरमध्ये लिहिलेलं नसते.

आमच्या बाजूचंही बोलायला पाहिजे नाहीतर पत्र एकतर्फी होईल. स्थळं पाहायला गेलं की मुलगा सरकारी नोकरीत आहे म्हटल्यावर मुलीची आई हळूच विचारते वरचं किती मिळते, आणि मिळते म्हटलं की तिचं तोंड उजळते. ज्या घरात नवऱ्याच्या पगारात दोन मजली बंगला बसत नाही तिथल्या बाईला ते माहीत असते. मी हे बचत गटाच्या मिटिंगमध्ये बोलली तेव्हा दोन जणी माझ्यावर रुसल्या, पण रुसल्या तरी चालते. बाई जातीनंच प्रामाणिक असते हे मला पटत नाही. खिडकीच्या आत आता पुष्कळ ठिकाणी बाईच बसते आणि ती घेत नाही असं नाही. फक्त ती घेते तेव्हा बाहेरच्या बाईच्या मनाला जास्त लागते, कारण तिला पाहून वाटलेलं असते की ही समजून घेईल.

पण एक गोष्ट आहे. समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्हाला एस्थर डफ्लो आणि पेटिया टोपालोवा या दोन अर्थशास्त्रज्ञ बायांच्या 2004 च्या अभ्यासाबद्दल शिकवलं होतं, आपल्या देशातल्या ग्रामपंचायतींवरचा. ज्या गावांत बाई सरपंच होती तिथं पाण्याच्या सोयी जास्त झालेल्या आणि लोकांना लाचही कमी द्यावी लागलेली, आणि तरी लोकं त्या सरपंचबाईच्या कामावर कमी समाधानी. मला यात आपल्या गावांचं आणि वॉर्डांचं पूर्ण चित्र दिसते. आपल्या राज्यात 2011 पासून स्थानिक संस्थांमध्ये अर्ध्या जागा बायांच्या आहेत, नागपूर महापालिकेच्या 151 पैकीही अर्ध्या. पण बाई निवडून आली की लोकं काम घेऊन तिच्या नवऱ्याकडे जातात, आणि तिनं स्वतः ठामपणे नियमानं काम केलं तर म्हणतात हिला समजत नाही, हिचं वरपर्यंत वजन नाही. भ्रष्टाचारावर काम करणाऱ्या ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या संस्थेचा 2020 चा आशियातला सर्व्हे होता, त्यात भारतात सरकारी सेवा घेतलेल्यांपैकी 39 टक्के लोकांनी लाच दिल्याचं सांगितलं आणि 46 टक्क्यांनी ओळखीचा वापर केल्याचं. आता ओळख कोणाची असते? पानठेल्यावर उभं राहणाऱ्याची, संध्याकाळी साहेबासोबत बसणाऱ्याची. आमच्या बायांना ती जागाच नाही. म्हणून ज्या कामात पुरुष ओळख वापरते त्या कामात बाईला पैसे तरी द्यावे लागतात नाहीतर चकरा तरी माराव्या लागतात.

तर आता काय करायचं ते सांगते, नुसत्या तक्रारी लिहून मला थांबायचं नाही. 1064 वर फोन लावला की निवडीनं बाई अधिकारी बोलायला मिळाली पाहिजे, आणि रक्कम किती हा पहिला प्रश्न नसला पाहिजे. छोट्या रकमांची तक्रार नावाशिवाय घ्या आणि जागेनुसार साठवा. एकाच वॉर्डातून, एकाच दुकानातून, एकाच टेबलावरून वीस बायांनी शंभर-शंभरचं सांगितलं तर एकीलाही कोर्टात न ओढता तुम्ही स्वतः तिथं जाऊन पाहू शकता ना. बाळंतपणाच्या वॉर्डात सुट्टी होताना प्रत्येक बाईला बाहेरच्या कोणीतरी, म्हणजे त्या दवाखान्याच्या नसलेल्या बाईनं, एकच प्रश्न विचारावा, कोणाला पैसे दिले का. लस द्यायला परत तिथंच यायचं असते म्हणून दवाखान्याच्या माणसाला ती कधीच खरं सांगणार नाही. तक्रार केलेल्या बाईचं रेशन किंवा अनुदान तक्रारीनंतर सहा महिने तरी कोणीतरी पाहत राहावं, बंद पडलं तर तुम्हाला आधी कळलं पाहिजे, आणि ही हमी लेखी द्या. 21 हजारांची अट तुमच्या हातात नाही हे समजते, पण तुमच्या खात्यातून शासनाला लिहून जाऊ द्या की या अटीमुळेच दलाली चालते, तुम्ही लिहिलेल्याला आमच्यापेक्षा वजन आहे.

लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून आहे. अर्ज दिला की पोच आणि त्यावर मुदतीची तारीख मिळाली पाहिजे, विनाकारण उशीर झाला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 दंड होऊ शकते. ज्या सेवा या कायद्यात आहेत त्यांची पोच मागायला मी आमच्या बायांना शिकवून राहिली आहे. पहिल्यांदा पोच मागितली तेव्हा टेबलावरचा माणूस म्हणाला "कोणी शिकवून पाठवलं?" आणि बाईनं न डगमगता म्हटलं, "सरकारनंच." तिला दाखला वेळेत मिळाला, एक रुपया न देता, आणि संध्याकाळी अख्ख्या गल्लीला तिनं पोच दाखवली. असं होऊ शकते म्हणूनच हे पत्र लिहून राहिली आहे.

या वर्षीचा सप्ताह करताना एक कार्यक्रम आमच्या वस्तीत ठेवा. भाषणवाले पाहुणे नकोत, शपथ नको, दोन-तीन बाई अधिकारी आणि एक वही पाहिजे. गटाची मिटिंग समाजमंदिरात होते, चटया आमच्याकडे आहेत. फक्त दुपारी दोनच्या आधी येऊ नका, तोपर्यंत अर्ध्या बाया कामावर असतात, आणि साडेचारला लेकरं शाळेतून येतात, म्हणजे मधल्या अडीच तासांत जे ऐकायचं ते ऐकून घ्या. येताना वर्दीत येऊ नका.

आपली,
मानेवाडा रोडच्या बचत गटातली एक बाई